गाववाल्याची गाडी

वडगाव रासाईचा माणूस म्हटलं की पप्पांची चौकशी संपते. दौंडला राहायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी गाववाला तो गाववाला. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा मी कशानं जाणार हे मला कुणी विचारलंच नाही. शेजारचे काका आमच्या गावचे, त्याच कंपनीत स्टोअरला, आणि त्यांच्याकडे कार. ठरलं.

मला अनोळखी माणसांपेक्षा ओळखीच्यांचाच जास्त त्रास होतो. डब्यात काय आहे, लॅबमधल्या मुलाशी काय बोलत होतीस, असलं अनोळखी माणूस विचारत नाही. काका विचारायचे. मी गप्प राहिले की म्हणायचे, "इंग्लिश शाळेत शिकली ना! आमच्याशी बोलायला फी लागती का?"

एकदा त्यांच्या कारमध्ये असताना मला लॅबमधून फोन आला. एका बाटलीतल्या केमिकलची तपासणी राहून गेली होती. मी म्हणाले, "डेट पुढं ढकलू नकोस, आजच उरकू. सरांना मी सांगते." एवढंच.

संध्याकाळी काका आमच्या दारात. "पोरगी डेटचं बोलत व्हती. गाववाला म्हणून सांगतो."

"पप्पा, ती बाटलीची डेट होती!"

"आता बाटलीबी?" पप्पा ओरडले.

पुढं मी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलंच नाही. मी म्हणाले, उद्यापासून स्टँडवरच्या सहा सीटर रिक्षानं जाईन.

"मग नोकरी बंद. ओळख ना पाळख, रोज कुणाच्याबी गाडीत बसायचं?"

सकाळी काकांनी कारचं दार उघडून धरलं होतं. मी त्यांच्यासमोरून चालत स्टँडवर गेले. पप्पा मागोमाग आले. काकांची सुट्टी असली की मी एका म्हाताऱ्या चाचांच्या सहा सीटरनं जायचे. आत्ताही त्यातच बसले. पप्पांनी चाचांना दरडावून विचारलं, "ही गाडीत फोनवर कुणाशी बोलती?"

"आप्पा, इंजन चालू झालं की मला माझाच हॉर्न ऐकू येत न्हाई. पोरीला जाऊ द्या, सीटा भरल्यात माझ्या."

माझ्या शेजारी बसलेल्या दोन बायका फिसकन हसल्या. पप्पांनी इकडंतिकडं बघितलं.

"जा. पण सहाला घरात पाहिजेस."

नोकरी राहिली. पण पप्पांनी विश्वास माझ्यावर ठेवला नव्हता, त्यांना फक्त स्टँडवर हसं करून घ्यायचं नव्हतं. गाडी सुटताना त्यांनी हात हलवला. मी हलवला नाही.