मेजरांचा जादा सेल

कुठलंही यंत्र हातात आलं की मेजर ते आधी कानाला लावायचे. रेडिओ असो, मिक्सर असो, नाहीतर सहा महिने बंद पडलेलं घड्याळ. काय बिघडलंय ते सांगायला आपण तोंड उघडलं, की त्यांचा डावा हात वर. "तुमी थांबा. त्येला बोलू द्या."

बंद घड्याळ काय बोलणार, असं मंडळी तुम्हालाही वाटेल. मला वाटलं, पण विचारायची छाती झाली नाही.

फौजेत वायरलेस सेट दुरुस्त करून ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे हेही मेजर. साताऱ्यात दुरुस्तीचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी पाचगणीच्या एका कॅम्पवर मॅनेजर होतो. मालकांनी परदेशातून रंगगोळ्यांच्या सहा बंदुका आणल्या होत्या. पाहुण्यांनी एकमेकांवर झाडायच्या, रंग लागला तो बाद. बंदुकीच्या डोक्यावर गोळ्यांचा डबा, त्यात छोटी मोटर आणि पंखा. डब्याच्या तोंडाशी एक विजेचा डोळा. समोर गोळी दिसली नाही की तो मोटर फिरवणार आणि पुढची गोळी खाली ढकलणार. पण पाचगणीची तांबडी धूळ त्या डोळ्यावर बसली, की त्याला वाटे गोळी आहेच! मोटर गप्प. पाहुणे चाप ओढत, आणि बंदूक नुसती फुस्स करी.

मालक म्हणाले, "रविवारी मोठी पार्टी येतेय. त्या दिवशीही असंच झालं, तर बंदुका विकतो. मग तुमचंही इथं काम नाही."

सांगलीत सासऱ्यांचं हळदीचं दुकान होतं आणि तिथं माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं होतं. ते स्टूल माझ्या स्वप्नात येऊ लागलं. मी सहाही बंदुका पोत्यात घालून मेजरांकडे नेल्या.

त्यांनी डबा कानाला लावला. "डोळाच काढून टाकू," म्हणाले.

"आवं, मग त्याला गोळी दिसणार कशी?"

"बघायचं कशाला? चाप वडला की पुढची गोळी लागनारच. फिर म्हनायचं, त्यानं फिरायचं!"

जुन्या टेपरेकॉर्डरमधले पातळ पत्तीचे स्विच काढून त्यांनी चापामागे बसवले. चाप ओढला, मोटर फिरली. मला नाचावंसं वाटलं. आता चाचणी. खऱ्या गोळ्या मोजक्याच, म्हणून मेजरांनी घरून नातीचे सागरगोटे आणले. मापाला तंतोतंत! पण ते डब्यात अडकायला लागले. मेजरांनी प्रत्येक डब्यात एका सेलऐवजी दोन चौकोनी सेल जोडले. मोटर गरजली, सागरगोटे थाळीत तडतड पडले.

"आता लय ग्वाड बोलतोय," मेजर म्हणाले.

रविवारी ते स्वतः पाचगणीला आले. पाहुण्यांनी बंदुका उचलल्या, चाप ओढले, आणि सहाही डब्यांतून च्यक च्यक आवाज आला. एक बाई ओरडल्या, "अहो, यातून आमरस येतोय!"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

मेजरांनी त्या पिवळ्या रश्शात बोट बुडवलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी हाय. सागरगोटा टणक, ही गोळी मऊ. जादा सेलनं पार चेंदा झाला." एक डबा धुतला, दुसरा सेल काढला, नव्या गोळ्या भरल्या.

"आता यावर कोण विश्वास ठेवणार?" मालक म्हणाले.

मेजरांनी तोंडावर मुखवटा चढवला, चाळीस पावलं मोजत गेले आणि परेडला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले.

"मार रं मॅनेजर! डबा रिकामा हुईस्तवर थांबायचं न्हाई."

"आवं मेजर..."

"मार म्हनतो न्हवं!"

मी मारली. खांद्यावर पिवळा ठिपका उमटला. "येक!" दुसरी छातीवर. "दोन!" ते मोजत होते, मी मारत होतो. सतराला त्यांचा आवाज जरा कापला. माझं बोट सैल पडलं.

"डबा थांबला?" त्यांनी ओरडून विचारलं.

"न्हाई, मीच थांबलो."

"तुला कुनी सांगितलं?"

छत्तीसपर्यंत गेलो. डब्यात एक गोळी फुटली नाही, एक अडकली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक मला म्हणाले, "बाकीच्या पाच लगेच करून घ्या. आणि पुढच्या रविवारचं बुकिंगही तुम्हीच बघा."

मेजरांनी नळाखाली शर्ट धुतला, ओलाच अंगात घातला आणि उरलेल्या पाच डब्यांतले जादा सेल काढायला बसले.

त्यानंतर सात वर्षं मी त्या कॅम्पवर होतो. मेजर गेले तेव्हा त्यांच्या घरी भेटायला गेलो. मी कोण ते मेजरांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं.

"तुमच्या पाचगणीला जाऊन आलं तवा पंधरा दिस छाती काळीनिळी हुती," त्या म्हणाल्या. "मी तेल लावायची. काय झालं म्हून इचारलं, तर म्हनलं, येष्टीत लय गर्दी हुती."