देवाजीकाकांनी खिडकी काढली

देवाजीकाकांच्या बैठकीत नेमकं काय झालं, हे गावात चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. मी तिथे हजर होतो, आणि मलाही ते नीट सांगता येत नाही. तरी सांगतो, कारण बाकीचे माझ्याहून वाईट सांगतात.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागपूरहून काटोलकडे जाताना त्यांची संत्र्याची बाग लागते आणि रस्त्याला लागूनच त्यांचं काळ्या दगडाचं घर. पुढची बैठक म्हणजे पुरुषांचा मुलूख: पान, तंबाखू, संत्र्याचे भाव आणि गावकीचं राजकारण. तिला खिडकी एकच, रस्त्याकडे, तीही इतकी उंच की जाणाऱ्याची फक्त टोपी दिसावी. मागच्या माजघरात जायचं तर या बैठकीतूनच. त्यामुळे शेजारच्या बायका घरात येत नसत. प्रयागकाकूच विहिरीवर, रस्त्यावर, जिथे सापडतील तिथे त्यांना गाठत.

काकूंचं माहेर भिवापूर, आणि तिथल्या मिरचीचा गुण जिभेला. बोलायला कुणी नसलं तर त्या कोंबड्यांशी भांडत. चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीला त्या विहिरीजवळ घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी उठायची बंदी केली. माजघरात भरदुपारी कंदील लागायचा, तिथे त्यांची खाट. हळूहळू काकूंचं बोलणं आटलं, मग जेवण. काका घाबरले. घाबरले की ते चिडतात, म्हणून घरात कुणाला ते कळलं नाही.

एके दिवशी काकू म्हणाल्या, "अजी, मले इथून काढा."

काकांनी बराच विचार करून ठरवलं की बैठक काकूंना द्यायची. भिंतींना चुना, खाली नवी फरशी, आणि बागेकडच्या भिंतीत एक मोठी खिडकी. काकूंनी स्वतःच्या हातांनी लावलेली झाडं त्यांना पडल्यापडल्या दिसतील. मला काकांचं फार कौतुक वाटलं. तसं बोललो असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या.

संत्र्याचा ट्रक नागपूरला निघाला होता. त्यात चढता चढता काका वामन मिस्त्रीला म्हणाले, "वामन, बैठकीची खिडकी काढून ठेवजो. संध्याकाळी येतो मी."

दुपारी शाळेतले माझे तास संपवून मी तिकडे गेलो, तर रस्त्याकडच्या भिंतीला भगदाड. जुनी चौकट दगडांत पक्की बसलेली, ती उपटताना खालचे दगडही पार जमिनीपर्यंत निखळले होते. बैल आत यावा एवढी वाट झाली होती. वामन बिडी ओढत बसला होता आणि माझ्यापेक्षाही गोंधळलेला दिसत होता.

"एकच तं खिडकी होती," तो म्हणाला. "तेबी काढाले लावली. आता उजेड कुठून घेतीन देवाजी पाटील, कोन जाने."

काका परतले आणि दारातच थिजले.

"हे काय करून ठेवलं गा, वामन?"

"खिडकी काढली जी."

"कोनं सांगतलं?"

"तुमीच तं म्हनलं, काढ."

"अरे, काढ म्हनजे काढ! काढ नाही!"

"तेच तं केलं. काढली."

"मले खिडकी पाह्यजे होती!"

"ते काय, तिथं ठेवली आहे," वामनने अंगणात उभी केलेली चौकट दाखवली.

मी मराठीचा मास्तर. मी समजवायला गेलो की रस्ता काढतात तो नवा आणि दात काढतात तो जुना, तेव्हा चूक तशी कुणाचीच नाही. त्यावर दोघंही माझ्यावर उलटले.

"काहून भांडून राहिले जी?" आतून काकूंचा आवाज आला.

लपवण्यात अर्थ नव्हता. काका, वामन, त्याचा मजूर आणि मी, अशा चौघांनी खाट उचलून बैठकीत आणली आणि भगदाडासमोर ठेवली. काकांचा आवाज एकदम उतरला. "उद्या हे बुजवतो. आन् तिकून मोठी खिडकी करतो. तुले तुही झाडं दिसतीन."

काकूंचं लक्षच नव्हतं. रस्त्यावरून शेजारची रुखमाबाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती, ती थबकली. "अवं प्रयागबाई! जित्ती आहेस का वं?" म्हणत ती सरळ दगडांवरून आत आली आणि ढिगाऱ्यावर बसली. बैठकीत! काकू हसल्या, मग कुणाची तरी निंदा केली, मग पुन्हा हसल्या. ते ऐकून मला रडूच येईल असं वाटलं.

रुखमाबाई गेल्यावर काका पुन्हा म्हणाले, "उद्या बुजवतो."

"बुजवू नका," काकू म्हणाल्या. "झाडं काय बोलतात जी माह्यासंग? खिडकी काढा, असं मी कधी म्हनलं? मी म्हनलं, मले काढा."

काका ढिगाऱ्यावर, रुखमाबाईच्याच जागी, मटकन बसले. वामन बिचारा हातात हातोडा घेऊन कधी त्यांच्याकडे, कधी काकूंकडे पाहत राहिला.

"तं आता काय करू जी?"

"इथं दार..." काका अडखळले. 'काढ' हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. "इथं दार लाव."

काकू दचकून कोपरांवर उठल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "लावू नका जी! उघडंच राहू द्या."

पुढे तिथे दार बसलं. काकू काठी घेऊन चालायला लागल्या, तरी दिवसाउजेडी ते कुणी लावलं नाही.