साडेबारा ते साडेतीन

रोक्काफ्रेद्दा गावच्या चर्चची किल्ली एकतीस वर्षं एर्सीलियाबाईंकडे होती. किल्ली चांगली वीतभर लांब. ॲप्रनच्या खिशातून ती नेहमी अर्धी बाहेर डोकावायची. चर्चच्या भिंतीवर संत ख्रिस्तोफरचं जुनं चित्र आहे आणि त्याच्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत. ती मोजायला लांबलांबची माणसं येतात, बाईंचं दार वाजवतात, की बाई निघाल्याच.

मात्र साडेबारा ते साडेतीन बंद म्हणजे बंद. नवरा जाचिंतो वारला तेव्हा शवपेटी बारा चाळीसला चर्चच्या दाराशी पोचली. बाईंनी ती अंजिराच्या सावलीत ठेवायला लावली. म्हणाल्या, "जन्मभर मला जेवायला थांबवलं यानं. आता जरा त्यानं थांबावं."

यंदा जूनमध्ये बिशपच्या कचेरीतून ओरेस्ते नावाचे इंजिनियर आले. चर्चला आपोआप उघडणारं कुलूप बसवायचं की किल्ली बाईंकडेच राहू द्यायची, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. बाईंनी आदल्या दिवशी केस रंगवून घेतले.

"किल्ली गेली तर माझं दार कोण वाजवणार गं?" त्यांनी शेजारच्या नुन्त्सियाला विचारलं.

"मी आहे की."

"तू कुठं वाजवतेस? सरळ आत घुसतेस."

साहेब आले त्या दिवशी साडेबाराला बाईंनी तीन हाका दिल्या, "बंद करतेय हो!" उत्तर आलं नाही. साहेब गेले असतील असं समजून त्यांनी कुलूप घातलं. साहेब घंटेच्या मनोऱ्यात मापं घेत होते.

मॅकरोनी उकळत असतानाच नुन्त्सिया धावत आली. "अगं, चर्च तुझ्या नावानं ओरडतंय!"

बाई चर्चच्या मागच्या खिडकीशी गेल्या. गजांमागे ओरेस्तेसाहेबांचा लालबुंद चेहरा.

"बाई, दार उघडा!"

"साडेतीनला उघडते, साहेब."

"अहो, पण मी आत आहे!"

"असं कसं? या वेळी आत कुणी नसतं."

"मी कचेरीत फोन करीन!"

"खुशाल करा. तीही साडेतीनलाच उघडते."

साहेबांनी केला. कुणी उचलला नाही.

"उघड ना गं," नुन्त्सिया कुजबुजली. "तुझी किल्ली राहणं याच्याच हातात आहे."

बाईंचा हात खिशाकडे गेला. मग त्या म्हणाल्या, "याला उघडलं तर जाचिंतोला काय तोंड दाखवू? तो तीन तास उन्हाळ्यात थांबला होता." आणि घरी जाऊन त्या मॅकरोनीची थाळी घेऊन आल्या.

थाळी गजांतून जाईना. तेव्हा बाई स्टुलावर चढल्या आणि काट्यानं भरवू लागल्या. "आ करा. मोठा आ. डावीकडे सरका, गज लागेल." नुन्त्सिया खाली थाळी धरून उभी. साहेब आधी रागानं खात होते, मग नुसतेच खात होते. दुसऱ्या वाढपाला त्यांनी विचारलं, "यात तुळस घालता का?"

"शेवटी घालायची. आधी घातली की काळी पडते."

जेवण झाल्यावर ते बाकावर आडवे झाले. घोरणं चौकापर्यंत ऐकू येत होतं.

सव्वातीनला एका परदेशी जोडप्यानं चर्चचं दार ठोठावलं. बाई त्यांना थांबा म्हणून सांगायला घरून निघणार, तोच आतून जांभईसकट आवाज आला, "बंद आहे! साडेतीनला या."

"पण तुम्ही तर आत आहात!"

"मग? जेवायची वेळ आहे."

साडेतीनच्या ठोक्याला बाईंनी दार उघडलं. साहेबांच्या कॉलरवर टोमॅटोचा डाग होता. बाई किल्ली ॲप्रनला पुसत राहिल्या. शेवटी नुन्त्सियानंच विचारलं, "अहवालात काय लिहिणार, साहेब?"

साहेबांनी दारावर बोटानं टकटक केलं. "या दाराला नवं कुलूप सोसणार नाही. फार जुनं झालंय."

दार मागच्याच महिन्यात नवं केलेलं होतं. पॉलिशचा वासही अजून गेला नव्हता. नुन्त्सियानं ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात एर्सीलियाबाईंनी तिच्या पायावर आपला पाय जोरात ठेवला.