कंडक्टरची डबल बेल

नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाणाऱ्या सकाळच्या बसचे कंडक्टर पन्नाशीचे होते. नाव मी कधी विचारले नाही. त्या दिवशी मागच्या बाकावर कॉलेजच्या मुली एका हेरमालिकेच्या कालच आलेल्या भागावर बोलत होत्या. तो शेवटून दुसरा भाग होता आणि गद्दार कोण, हे त्यात उघड झाले होते.

कंडक्टर ओरडले, "पोरींनो, थांबा! म्या पाह्यला नाही अजून. रविवारी बायकोसंग पाहीन, असा तिले शब्द देला हाय."

"मंग कान झाका ना, काका!"

"अन् तिकिटं कोण काढन?"

एकीने "तो गद्दार म्हणजे" म्हणताच आवाज दडपायला त्यांनी बेलची दोरी ओढली. एक बेल म्हणजे थांबा. बस कपाशीच्या शेताजवळ थांबली, उतरले कोणीच नाही. डबल बेल देऊन त्यांनी बस पुन्हा काढली. असे तीनदा झाले. प्रवासी हसून बेजार.

चौथ्यांदा ड्रायव्हर मागे वळले. "मास्तर, काऊन थांबवून राह्यले?"

मुलींनी कारण सांगितले.

"एवढंच? अहो, त्या हिरोइनीचा बापच गद्दार हाय! द्या डबल बेल."

कंडक्टरांनी दोरी दोनदा ओढली. मग म्हणाले, "आता रविवारी मले बायकोपुढं दचकून दाखवा लागन."

जळगाव येईपर्यंत ते तिकिटागणिक दचकण्याचा सराव करत होते, आणि आम्ही कोणता दचका खरा वाटतो ते सांगत होतो.