हेल्मेटमधला नवनाथ

आम्रपालीला एका जागी बसलेलं वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं. माजलगावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात ती कामाला होती. गिऱ्हाइकाचा अंगठा मशीन ओळखेपर्यंत ही दोनदा दारापर्यंत जाऊन आलेली असे. "हिच्या पायाला भिंगरी हाय," असं तिची आई सिंधुबाई म्हणायची. ते कौतुक होतं की तक्रार, हे सिंधुबाईला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी ह्या भिंगरीला काम मिळालं. मोबाइलवर तो गेम आहे ना, शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी जो एकटा उरतो तो जिंकतो, त्याच्यावर ती पिच्चर काढायला लागली. मोबाइलवर घेतलेले आणि मोबाइलवरच कापून जोडलेले, बारा-पंधरा मिनिटांचे पिच्चर. बेट म्हणजे धरणाच्या पाण्याकाठचा माळ. बंदुका ठिबकच्या नळ्यांच्या, वरून काळी चिकटपट्टी. गेममध्ये पाठीला तवा बांधला की मागून आलेली गोळी अडते, म्हणून घरातला भाकरीचा तवा माळावर जायचा आणि त्या दिवशी घरच्यांना जेवायला दुपार व्हायची. हसू नका. तिच्या चॅनेलवर तीन पिच्चर होते आणि कुठकुठली पोरं त्याखाली लिहीत होती, 'तो हेल्मेटवाला कोण आहे? एक नंबर काम.'

हेल्मेटवाला म्हणजे तिचा थोरला भाऊ नवनाथ. मोटारसायकलचं जुनं हेल्मेट हिरवं रंगवून, काच काळी करून ती त्याच्या डोक्यावर चढवायची. तो काट्यात लोळायचा, उतारावरून गडगडत यायचा, पण त्याचं तोंड आजवर कुणाला दिसलं नव्हतं. दिवाळी झाली की तो बायकोला, करिष्माला, घेऊन ऊसतोडीला जायचा, ते सहा महिन्यांनीच परतायचा. मागच्या उन्हाळ्यात गुडघ्यातले काटे काढता काढता तो एकदाच बोलला.

"आमे, एकदा माझं तोंड दाव की. फडात पोरं मोबाइलवर बगत्यात. मी म्हनतो ह्यो मीच हाय, तर हासत्यात."

ते आम्रपालीच्या जिव्हारी लागलं. चौथ्या पिच्चरचा शेवट तिनं त्याच दिवशी ठरवला. सगळे मेलेले, माळावर एकटा नवनाथ उभा, तो हेल्मेट काढतो आणि हसतो. तिनं त्याला तसा शब्द दिला.

आता कुणीही शहाण्या माणसानं तो शॉट सगळ्यात आधी घेऊन ठेवला असता. आम्रपालीनं पहिल्यापासून ओळीनं घेतलं. "गेममधी आदी जिंकून मंग खेळता येतंय का?" असं तिचं म्हणणं. रोज वस्तीतले दोघं-तिघं मारायचे आणि त्यांना मोकळं करायचं. तोडीची टोळी नेणारा मुकादम तानाजीसुद्धा दुसऱ्याच दिवशी मेला आणि लई मन लावून मेला. शेवटचा शॉट रविवारी घ्यायचा होता. टोळीची गाडी दिवाळी उरकून मंगळवारी येणार होती.

शनिवारी सकाळी दुकानात करिष्माचा फोन आला. "ताई, गाडी आजच लागली. आत्ताच निगा म्हनतेत."

समोरच्या म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर तसाच राहिला आणि आम्रपाली स्कूटीवर बसली. अठरा किलोमीटर ती तोंडानं बडबडत होती. आधी तानाजीला शिव्या घातल्या, मग कारखान्याला, आणि वस्ती दिसायला लागली तेव्हा उरल्यासुरल्या सगळ्या स्वतःला.

विहारासमोर ट्रक उभा होता. गाठोडी, हंडे, कोंबड्यांची डालगी, सगळं चढलं होतं. वर उभा राहून नवनाथ दोर आवळत होता.

"दादा, खाली उतर! माळावर चल, पाचच मिन्टं!"

"पाच मिन्टं म्हनूच नको," तानाजी केबिनमधून ओरडला. "फाट्यावर दुसरी गाडी आपल्यासाठी थांबलीय."

नवनाथनं माळाकडं बघितलं, तानाजीकडं बघितलं आणि दोर आवळत राहिला. आम्रपालीच्या अंगाची लाहीलाही झाली.

"तुला तुजंच तोंड नको असंल तर जा!"

एवढं बोलून तिला लगेच वाईट वाटलं.  नवनाथनं दोराची गाठ पक्की केली आणि मग म्हणाला, "हेल्मेट आन."

ती पळत घरी गेली, पळत आली. त्यानं ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभं राहून हेल्मेट घातलं, तोच ट्रक हलला. मोबाइल समोर धरून आम्रपाली मागं पळायला लागली. नवनाथनं हेल्मेट काढलं. त्याला हसायचं होतं. त्यानं दोनदा प्रयत्न केला, पण डोळेच भरून आले. त्याच्या मागं गाठोड्यांवर, तिनं दहा-बारा दिवसांत एकेक करून मारलेले सगळे बसले होते आणि हात हलवत होते. करिष्माच्या मांडीवर तवा होता. वळण आलं तसं नवनाथनं हेल्मेट खाली टाकलं आणि ट्रक वळला.

हेल्मेट उचलून ती विहारापर्यंत आली आणि तिनं शॉट लावून बघितला. अकरा सेकंद. सगळं चुकलं होतं. जिथं एकानं उरायचं तिथं वीस-बावीस जण दिसत होते. तिनं मान वर केली. घरोघरी कुलपं. दोन म्हातारी माणसं, शेळ्या, आणि दारात उभी आई. आम्रपाली रस्त्यातच खाली बसली, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं रडली.

सिंधुबाई जवळ आली. "दिसलं का त्याचं तोंड?"

"दिसलं. पन मागं समदेच दिसले, आये. असं न्हाई चालत. शेवटी एकटाच पायजे."

"समदे दिसले?" सिंधुबाईनं मोबाइल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "मंग ऱ्हाऊ दे तसंच. सहा म्हैने मला बगायला व्हईल."

आम्रपाली उठेना.  सिंधुबाईनं तिचा दंड धरला.

"ऊठ, आमे. तू अशी बसू नगंस. मला भ्या वाटतंय."