खचणाऱ्या बाजूची वाळू

मीनाक्षी देवस्थळीची मुंबईहून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा सासू-सासरेही हौसेने बरोबर आले. शहराच्या बेहाला भागात फ्लॅट मिळाला. नवरा सलील घरूनच काम करायचा, आणि मीनाक्षी तेल कंपनीच्या ऑफिसात किनाऱ्याखालच्या थरांची चित्रं वाचायची. जमिनीत सोडलेल्या लहरी थरांवर आपटून परत येतात, त्यांवरून ही चित्रं तयार होतात.

त्या वर्षीची पहिली विहीर वाया गेली. तेल वाळूच्या कणांमधल्या फटींत राहतं, म्हणून जाड वाळू हवी होती. लागला तो जेमतेम पातळ पापुद्रा. वाळू इथेच संपते, असं सगळ्यांचं मत पडलं. मीनाक्षीला ते पटेना. विहिरीला लागूनच जमीन चिरत गेलेला मोठा फॉल्ट होता आणि त्याच्या पलीकडे तेच थर तिला जाड दिसत होते. तिचं म्हणणं, नदी गाळ टाकत होती तेव्हाच ती बाजू खचत होती, म्हणून वाळू तिकडे साठत गेली. तिचे साहेब, नागपूरचे दिगंबर फणसळकर, म्हणाले की चित्र धूसर आहे; धूसर चित्रात माणसाला हवं ते दिसतं.

घरी जेवताना तिने हे सांगितलं. सासरे श्यामराव पूर्वी चित्रकला शिकवायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "हे मला कशात तरी करून दाखवशील का?"

आधीच्या भाडेकरूंनी बाल्कनीत माशांची रिकामी काचपेटी टाकली होती. सलीलने तिच्या एका अर्ध्यात लाकडी ठोकळा बसवला, दुसऱ्या अर्ध्यात दोऱ्यांनी टांगलेली फळी. वाळू म्हणून रांगोळी, चिखल म्हणून कणीक. थर पसरायचा, दोरी जराशी सैल सोडायची, मग वरून नवा थर टाकून सपाट करायचा. दोन किलो कणीक गेली तेव्हा सासूबाई सरलाताई थोड्या कुरकुरल्या, पण काचेतून पाहून त्याही खूश झाल्या. ठोकळ्यावर रांगोळीची बारीक रेघ होती. फळीवर तीच रेघ बोटभर जाड.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी पेटी मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. चालकाने हिंदीत विचारलं, मासे मेले का? ती हसली. मग रस्त्यातल्या खड्ड्यांनी सगळे थर कालवून टाकले आणि तिचं हसू मावळलं. ऑफिसात पोचेपर्यंत आत नुसती भुरकट खिचडी झाली होती.

पण तिने वाटेतच टॅक्सी थांबवून नवी रांगोळी आणि कणीक घेतली होती. बैठकीत पेटी रिकामी करून तिने दोऱ्या फणसळकरांच्या हातात दिल्या आणि थर स्वतः टाकू लागली. पहिल्यांदा ते संकोचले. मग बाह्या सरसावून दोरी सोडू लागले, आणि मध्येच थांबले.

"थांबा," ते म्हणाले. "म्हणजे आपण उंच राहिलेल्या बाजूला खणलं?"

"हो, सर. फॉल्टच्या चुकीच्या अंगाला."

त्यांनी चित्रं पुन्हा मागवली, आठवडाभर घासाघीस केली, आणि अखेर दुसऱ्या विहिरीला होकार दिला.

हिवाळ्यात ती विहीर खोल गेली. मीनाक्षी बालीगंजच्या बाजारात भाजी निवडत होती, तेव्हा विहिरीवरच्या अरुणचा फोन आला. वाळू लागली होती, आणि अजून लागतच होती. तळाला पाणी होतं, पण वरच्या भागात तेल होतं. फार नाही, तरी विहीर चालवण्यापुरतं. तिला एकदम भूक लागली. समोरच्या गाडीवरून तिने गरम कचोऱ्या घेतल्या आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या.