तुंगेच्या पोटातला आवाज

चहा निवतोय, घ्या आधी. घेता घेता ऐका. बंगळूरला असताना मी दोन महिने एका भुताच्या दहशतीत काढले, आणि त्या भुताची ओळख पटली तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरीसाठी पुण्याहून नुकताच गेलो होतो. बनशंकरीत अक्कांच्या घराची वरची खोली भाड्याने मिळाली. अक्का मराठीच, पण घराणं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. नवरा नाही, मूलबाळ नाही. होती ती एक गाय, तुंगा. अक्का तिच्याशी जितकं बोलत तितकं माणसांशी बोलत नसत.

निघताना माझ्या आईने शपथ घातली होती, गायीला घास दिल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. पण इलेक्ट्रॉनिक सिटीची बस पहाटेच यायची. खाली जाऊन गाय शोधून घास भरवायला वेळ कुणाला? मी युक्ती काढली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मेतकूट, गोडा मसाला पाठवायची. त्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या मी गादीखाली जपून ठेवत असे. शिळी पोळी एका पिशवीत घालायची, वर दोन गाठी मारायच्या आणि बाल्कनीतून खाली सोडायची. पोळीला माती लागत नाही. शास्त्रही सांभाळलं, स्वच्छताही. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

काही महिन्यांनी तुंगा बिघडली. चारा सुटला, डावी कूस फुगली. पहाटेच्या धुक्यात ती बाल्कनीखाली येऊन उभी राहायची आणि वर बघत राहायची. हंबरणं नाही, शेपटी हलवणं नाही. मी आत गेलो तरी नजर तिथेच. एकदा अक्कांनी मला तिच्या पोटाला कान लावायला सांगितलं. आत कुणीतरी अंधारात बसून कागद चुरगाळत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अण्णा, हे दुखणं नव्हे," अक्का हळूच म्हणाल्या. "समोरच्या शांतम्मानं डोळ्यांनी बघितलंय. पहाटे वरून पांढरं काहीतरी पडतं. तुंगा ते गिळते आणि परत वर बघते."

"वरून म्हणजे कुठून?"

"पिंपळावरून असेल. धुक्यात काय दिसणार?"

तो पिंपळ माझ्या बाल्कनीवरच वाकलेला होता. त्या दिवसापासून मी दिवा लावून झोपू लागलो.

त्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळात माझं भाषण होतं. विषय, समुद्र आणि प्लॅस्टिक. आता बंगळूरला कुठला आलाय समुद्र? पण मी कुठेतरी वाचलं होतं ना! कासवं तरंगणाऱ्या पिशव्या खाणं समजून गिळतात आणि आतडी तुंबून मरतात, हे मी असं रंगवलं की पुढच्या रांगेतल्या दोन काकूंनी डोळे पुसले. टाळ्या घेऊन घरी आलो, तर तुंगा फाटकाशी उभी. बघत. मी नजर चुकवून जिना चढलो.

आता बाहेरचं काही आहे म्हटल्यावर पुण्य वाढवायला नको का? मी एकाऐवजी दोन घास टाकू लागलो.

इकडे अक्कांनी लिंबं उतरवली, मिरच्या जाळल्या. तुंगा खंगतच गेली. शेवटी त्या मला म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही शिकलेले. उद्या स्वल्प पहारा द्याल?"

दिला. हसू नका. पहाटे उठलो, दोन्ही घास खाली सोडले आणि डोळ्यांत तेल घालून बसलो. वरून काहीही पडलं नाही. तसं मी अक्कांना छातीठोकपणे सांगितलं. तुंगा त्याच दुपारी खाली बसली ती उठेना.

मग गुरांचा डॉक्टर आला. तो उपड्या बादलीवर बसला, त्याने कुशीला चीर दिली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गल्ली जमली होती. पहिली पिशवी निघाली. मग दुसरी. मग एकीत एक अडकलेल्या निघतच राहिल्या. आतली पोळी कधीच गेलेली. गाठी मात्र तशाच होत्या, दोन-दोन.

अक्कांनी त्यातली एक पाण्याने धुतली आणि माझ्यापुढे धरली. मराठी त्या बोलत, पण वाचत कन्नडच.

"अण्णा, आपली अक्षरं दिसतात. वाचा की."

वाचली. आमच्या वाण्याचं नाव, खाली किराणा व भुसार, त्याखाली पुणे.

अख्ख्या गल्लीत पुण्याचा एकच माणूस होता.

मी सगळं कबूल केलं. अक्का कितीतरी वेळ तुंगेच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. त्या चार शिव्या देत्या तर मला बरं वाटलं असतं.

तुंगा वाचली. महिन्याभराने मी पोळी तळहातावर घेऊन खाली गेलो. तिने हुंगलं आणि मागे सरून अक्कांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"सरी, बरं, राहू द्या," अक्का म्हणाल्या. "तिचं मन वळेल कधीतरी."

तिचं वळलं की नाही, ते जाऊ द्या. गल्लीतल्या आयांना मात्र माझा उपयोग सापडला. पोर जेवायला कुरकुर करू लागलं की त्या माझ्या बाल्कनीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "खातोस, की वरच्या अण्णाला सांगू पिशवी टाकायला?"

पोरं ताट चाटूनपुसून साफ करायची.